खडे आणि डास

मशीनमधले कपडे कधीचे झालेत, टीं-टीं भिंतीपलीकडे ऐकू येतंय, असं शेजारीण दार बडवून सांगून गेली. नवराबायको दोघंही घरातच होती.

पातळ कागदाची एक पट्टी. दोन दातेरी चक्रांच्या मधे धरायची, मग ओढून काढायची.

“मिक्सरमध्ये खडे घातलेत का?”

दाराच्या चौकटीवर तेलकट बोटांचे ठसे. ते पुसायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

वळणावर उभी राहिलेली लाल गाडी. मोटर फिरतेय, चाकं फिरत नाहीत.

गाडी तळहाताएवढी होती. टायरच्या दुकानावरच्या माडीवर अशा गाड्यांच्या रेसच्या क्लबचा लाकडी ट्रॅक होता. ट्रॅकला खाचा, खाचांच्या कडेने वीज, आणि ज्याच्या त्याच्या हातात आपापल्या गाडीचा ट्रिगर. नवऱ्याने ट्रिगर दाबून पाहिला, सोडून पाहिला. बाकीच्या गाड्या त्याच्या गाडीला वळसा घालून सुसाट गेल्या.

क्लबातल्या दंतवैद्याने गाडी उचलून उलटी केली. क्लबचा संघ तोच निवडायचा, आणि ही रेस निवडीची होती. मागच्या नायलॉनच्या चक्राचे दात गेले होते. नुसता पांढरा भुगा.

“काका, ही चांगली बोंबलत असणार हो. ऐकू नाही आली?”

“आली की. म्हटलं, काढेल रेस ओढून.”

दंतवैद्याने ते चक्र किडलेल्या दाढेसारखं उजेडात धरलं. “पुढच्या रविवारी अजून एकदा बघू. नाहीच जमलं, तर तुम्ही आपले निवांत बसा. पोरांना सल्ले द्या.”

सल्ले द्यायला बसवणं म्हणजे काय, हे त्याला छापखान्यातल्या नोकरीत, यंत्रावरून उठवलं तेव्हा, एकदा कळून चुकलं होतं.

तो जिना उतरला. गाडीचा डबा बगलेत जड लागत होता. घरापर्यंत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: काल बायको काहीच बोलली नव्हती.

मोटरच्या दांड्यावरचं छोटं पितळी चक्र आणि मागच्या आसावरचं मोठं नायलॉनचं, ही दोन चक्रं एकमेकांत नीट बसली पाहिजेत. सैल राहिली तर खडखडतात, घट्ट झाली तर किणकिणतात, आणि दोन्हीत दात जातात. कागदाच्या पट्टीने अंदाज येतो. पक्कं काय ते कानाने. त्याचे कान छापखान्यातल्या यंत्रांनी थोडे थोडे करून खाल्ले होते, आणि त्याने हे कोणालाही कळू दिलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती त्या आवाजाला वैतागलेली होती. वैतागली की बोलायची. मिक्सरमध्ये खडे घातलेत का, असं ती म्हणाली की समजायचं, सैल आहे. डास पाळलेत का, म्हणाली की घट्ट. काहीच बोलली नाही की चक्रं बसली. अलीकडे त्याची सगळी रेस तिच्या तोंडावर चालली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

“काल तू काही बोलली नाहीस,” तो म्हणाला.

“कशाबद्दल?”

“गाडीबद्दल. आवाज होता ना.”

तिचे हात थांबले. मग तिने उशीचा अभ्रा पुन्हा झटकला. “म्हटलं, एक दिवस करू दे शांतपणे. रोज काय मेली कटकट.”

तो तिच्याशेजारी, घड्यांच्या ढिगाला खेटूनच बसला. एरवी तिने उठवलं असतं.

“मला येत नाही तो आवाज,” तो म्हणाला. “कधीचाच येत नाही. तू खडे म्हणालीस की मी मोटर मोठ्या चक्राकडे पुढे घेतो. डास म्हणालीस की मागे.”

तिने हातातला अभ्रा मांडीवर घेतला.

“म्हणजे माझ्या शिव्या खाऊन कप जिंकताय होय?”

“अलीकडचे.”

“आणि आज?”

“काल तू गप्प होतीस.”

तिने अभ्रा ढिगावर ठेवला, तो परत उचलला, पुन्हा घडी घातली.

“मग ओरडत जाऊ?”

“ओरडत जा.”

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने नवं चक्र बसवलं. ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. त्याने ट्रिगर दाबला.

“खडे,” ती म्हणाली.

त्याने स्क्रू ढिला करून मोटर केसभर पुढे घेतली.

“खडेच आहेत अजून.”

आणखी केसभर. ती थांबली. समोरच्या खिडकीच्या काचेत ती त्याला दिसत होती. गाडीकडे तिचं लक्षच नव्हतं, ती त्याच्या खांद्यांकडे बघत होती. मन लावून ऐकताना माणसाची नजर अशीच कुठेतरी लागते, असं त्याला वाटलं.

“डास,” ती म्हणाली, जरा उशिराने.

त्याने मोटर किंचित मागे घेतली, पुन्हा ट्रिगर दाबला आणि वाट पाहिली. ती काही बोलली नाही. त्याने अजून थोडी वाट पाहिली. मग स्क्रू आवळला आणि खांदे सैल सोडले.

“बसलं,” तो म्हणाला. “तुझे कान आहेत म्हणून.”

“हात धुवा आता,” ती म्हणाली आणि आत गेली.

ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली होती, ते त्या रेसच्या आधीच्या महिन्यात, आणि तिच्या कानांतून असले बारीक आवाज गेले ते आता परत यायचे नाहीत, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.