आधी धवला, मग गिटार

हळदीच्या मांडवात पोपटची गिटार ऐन रंगात आली होती, तोच जाईबाईनं पदर खोचून हात वर केला. गिटार थांबली. आगरी-कोळ्यांत रीतच तशी. धवलारीण लग्नाचा धवला गायला उभी राहिली की बाजा गप्प.

“काका, ही बाई दर वेळी मधेच कशी टपकते?” नंदकिशोर कुरकुरला. नेरूळच्या नव्या सोसायटीतला हा कारकून म्हणजे बँडचा ताजा ड्रमर.

“तिला माजं सुख बघवत नाय,” पोपट म्हणाला.

मांडीवरच्या मुक्या गिटारीवर त्याची बोटं मात्र चाळवत होती. जाईबाई गात होती, खाडीत भरती चढावी तशी, घाई नसलेली.

सत्तर साली सारसोळे गावातल्या चार पोरांनी ‘दर्या रॉकर्स’ काढला. पुढं सिताराम कारखान्यात चिकटला, दत्तू दुबईला गेला, वामननं नवसापायी दारू सोडली नि तिच्याबरोबर बँडही. त्यांच्या जागी आले, तेही गेले. पोपट तेवढा राहिला. केस पिकले, तरी टेम्पो उरण, पनवेल, अलिबाग फिरतच होता. लोक म्हणत, माणसं बदलली, पण पोपटची चाल दर हंगामाला नवी.

तालीम त्याच्या पडवीत चाले. समोरच्या ओट्यावर जाईबाई सुकट निवडत बसे नि मान हलवी.

“बघ, नाक मुरडते,” म्हणत पोपट आवाज आणखी वाढवी.

एका सकाळी तालमीतच घणसोलीचे बाजीराव आले. लेकीचं लग्न होतं, खाडीकाठच्या गावांची अख्खी पट्टी जेवायला येणार होती. तिथं वाजलं की हंगाम तरला.

“बँड तुमचाच, पोपटदादा. पन धवला नको. नवी मुंबई झाली आता, कोन बसतंय ऐकत?”

“काका, टेन्शनच मिटलं,” नंदकिशोर हळूच म्हणाला.

“धवला नाय, तर आमीपन नाय,” पोपट म्हणाला.

बाजीराव चहा तसाच टाकून उठले. नंदकिशोरनं काठ्या खाली ठेवल्या. “असं लग्न परत नाही मिळायचं. बँड मोडेल, काका.”

समोरचा ओटा रिकामा असल्याची पोपटनं खात्री केली. मग बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं वाजवलं, पण अगदी सावकाश, एकेक सूर सोडत. नंदकिशोर आधी हसला, मग त्यानं कान टवकारले. हा तर परवाच्या मांडवातला धवला.

“सगळ्याच चाली?”

“सगळ्याच. ती गायची थांबली तर मी वाजवू काय रे?”

दिवेलागणीला जाईबाईनंच त्याला ओट्यावर बोलावलं.

“तुज्याकडनं घरी जाऊन बाजीराव माज्याकडं आलेला. त्याच्या म्हाताऱ्या आयनं धवल्याचा हट्ट धरला म्हनं. बोलला, बँड राहूदे, तूच गा. मी बोलली, पोपट नाय तर मीपन नाय.”

“मग?”

“मग काय, दोघांना बोलवलंय.”

पोपट ओट्यावर टेकला. “जाईबाय, तुला एक सांगायचं हाय.”

“नंतर सांग. आदी तालीम लाव. आजीकडनं मना तीनच गानी आलेली, पोप्या, ती कवाच सरली. तुजी ती नवी चाल हळू करून बसवलीय मी, फकस्त मदलं कडवं ऐकायचं राहिलंय.”