तेरावा आकडा

सुकदेवरावांना शेवटी नऊच हवा होता.

उधन्याच्या लेबल छापखान्यात, गायत्रीच्या टेबलासमोर ते खुर्चीभर पसरून बसले होते. गायत्री इथं डिझाइनचं काम करायची. साखरपुडा उरकला होता, त्यामुळे ती त्यांची होणारी सूनही होती, आणि तेव्हापासून त्यांना काका सोडून मामा म्हणू लागली होती. त्यांचा काळा मसाला आता मॉलमध्ये जाणार होता, त्यासाठी पाकिटावर बारकोड लागणार होता. तो स्क्रीनवर तयार होता. फक्त शेवटचा आकडा चार आला होता, आणि चार म्हणे त्यांना नडतो. बोटांतल्या अंगठ्यांना विचारूनच ते धंदा करत.

"मामा, तेरावा आकडा आपण निवडायचा नसतो," गायत्री म्हणाली. "आधीच्या बारा आकड्यांवरून तो ठरतो. एक आकडा आहे तसा, पुढचा तिप्पट, अशी बेरीज करायची. इथं ती शहात्तर आली. पुढचा पूर्ण दहाचा आकडा ऐंशी, त्याला चार कमी, म्हणून चार. या शेवटच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्या चाराच्या. मशीन पट्ट्या वाचतं आणि हीच बेरीज करून बघतं. नऊ टाकला तर जुळणार नाही, पाकीट काउंटरवरच अडेल."

"मशीनले काय समजस!" ते हसले. "शिकलेल्या पोरींचं हे असंच. साधी गोष्ट तिप्पट करून सांगायची."

शेजारी त्यांचा मुलगा प्रवीण बसला होता. आदल्या दिवशीच गायत्रीनं फोनवर त्याला हे सगळं समजावलं होतं. त्यानं घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावर बेरीज करून पाहिली होती, आणि जुळली म्हणून केवढा खूश झाला होता.

"काय रे, ही म्हणते ते खरं का?" सुकदेवरावांनी विचारलं.

प्रवीणनं शर्टाचं बटण चाचपलं. "मला त्यातलं काही कळत नाही, अप्पा. तुम्ही म्हणताय तर नऊच असू दे."

गायत्री त्याच्याकडं बघत राहिली. म्हाताऱ्याचा तिला रागसुद्धा येत नव्हता. अडाणीपणा मिरवणारी गिऱ्हाइकं रोजच येत. पण याला बेरीज येत होती.

"आणि हो," सुकदेवराव म्हणाले, "गायत्री हे नावही आकड्यात बसत नाही. लग्नात शीतल ठेवायचं. गुरुजींशी बोलणं झालंय."

"छान आहे की शीतल," प्रवीण लगबगीनं म्हणाला.

या गुळाच्या गणपतीसाठी आपण दुकानं पालथी घालून शालू निवडला, याची गायत्रीला शिसारी आली.

"प्रवीण," ती म्हणाली. त्याच्या वडिलांसमोर ती त्याला कधी अरे-तुरे करत नसे. "तुला कळतं. काल तूच बेरीज केलीस. आता एवढंच सांग, तुला माझ्याशी लग्न करायचंय का?"

मागं छपाईचं मशीन खडखडत होतं. हो किंवा नाही, एवढंच म्हणायचं होतं.

प्रवीणनं बापाकडं बघितलं.

"उठा काका," गायत्री म्हणाली. "पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय."