सोमेश्वरपर्यंत चक्कर

मुलाकडे स्वतःची मोटारसायकल आहे, एवढ्यावर मी २००१ साली मयुरेशला होकार दिला. लग्न होऊन पंचवटीत आले, तर गाडी बाहेरच्या खोलीत, सोफा आणि टीव्हीच्या मधे. सीटवर क्रोशाचं कव्हर, टाकीवर प्लास्टिकचे गुलाब. गल्लीत हातगाड्यांचे ओरखडे पडतील म्हणून सासऱ्यांनी ती उंबऱ्याबाहेर काढलीच नव्हती. दसऱ्याला चाकांखाली ठेवलेली लिंबं सासूबाई दुसऱ्या दिवशी अख्खी उचलायच्या आणि सरबत करायच्या. मयुरेश ऑफिसला सायकलने जायचा.

वर्षभर मी गप्प बसले. मग एका रविवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आज गाडीवरून सोमेश्वरचा धबधबा बघायला जायचं. नाहीतर मी चालले देवळ्याला, माहेरी."

सासरे उठले, गुलाब उचलून टीव्हीवर ठेवले, कव्हराची नीट घडी घातली आणि देवघरातून किल्ली आणून मयुरेशच्या हातात दिली. तो पुढे बसला, मी ओढणी सावरून मागे; गाडी तिथेच, सोफा आणि टीव्हीच्या मधे, स्टँडवर.

"सावकाश चालव रे," सासरे म्हणाले.



सासूबाईंनी पंखा पाचवर केला.