कमी उजेडाचा कॅमेरा

"ह्याच्यातून पाखराचं पीस न् पीस मोजता येतं," दुकानदाराने लांब लेन्सचा कॅमेरा काचेच्या काउंटरवर ठेवला. "पहिलाच कॅमेरा आहे ना? मग डोळे मिटून हा घ्या. वापरलेला आहे, पण अंगावर ओरखडा नाही."

मुलीने तो हातातही घेतला नाही. "लांबचं नको," ती म्हणाली. "छोट्या खोलीत उभं राहून फोटो काढता आले पाहिजेत. आणि परवडणारा दाखवा."

बापाला बरं वाटलं. पोरीला आपल्या खिशाची काळजी आहे म्हणायची! गेले काही दिवस तिने घरात अबोला धरला होता. ताट पुढे ओढायची, खाली मान घालून जेवायची आणि उठायची. 'तुला कॅमेरा घेऊन देतो,' असं म्हटल्याबरोबर मात्र ती लगेच चपला घालून दारात उभी राहिली. शेवटी लेकरूच ते, हातात काही पडलं की विसरेल, असा त्याने अंदाज बांधला होता.

दुकान बोळासारखं चिंचोळं. एका बाजूला गळ्यात किमतीच्या चिठ्ठ्या अडकवलेले जुने कॅमेरे, दुसऱ्या बाजूला भिंतभर माणसांचे फोटो.

"ही आमची गिऱ्हाइकं," दुकानदार म्हणाला. "कॅमेरा कुणाचाही असो, पहिला फोटो पैसे देणाऱ्याचा, आणि तो या भिंतीवर. इथली रीतच आहे ती. बघा, खिसा हलका झाल्यावर एकेकाचे चेहरे कसे झालेत!"

"काका, खोलीत दिवा नसेल तर?" मुलीने विचारलं.

बाप दचकला. दुकानदाराला कुणीही काकाच म्हणतं. पण त्यांच्या घरात हा शब्द कित्येक महिने कुणाच्या तोंडून निघाला नव्हता.

"मग फ्लॅश आहे की."

"फ्लॅश नको. डोळ्यांना उजेडाची सवय राहिली नाही त्याच्या. घाबरतो."

"कोण? मांजर का?"

बापच उगाच मोठ्याने हसला. "हो, मांजरच. भारी भित्रं आहे."

त्याचा हात नकळत सदऱ्याच्या खिशाकडे गेला. किल्ली जागेवर होती. मागच्या खोलीची किल्ली. त्या खोलीत त्याचा थोरला भाऊ होता. शेजारीपाजारी समजत होते की तो लांबच्या दवाखान्यात आहे, हळूहळू सुधारतोय. त्याचं डोकं ठिकाणावर नाही, हे कुणा डॉक्टरने नव्हे, ह्यानेच ठरवलं होतं. घर थोरल्याच्या नावावर होतं. खिडकीला फळ्या ठोकल्या होत्या, आणि दोन फळ्यांमधल्या फटीतून येईल तेवढाच उजेड आत यायचा.

दुकानदाराने खालच्या फळीवरून एक काळा, ठेंगणा कॅमेरा काढला. "दिसायला काही नाही, पण अंधारात बरोबर काम करतो. किंमतही बेताची."

"आवाज?"

"बंद करता येतो."

"तारीख येते?"

"हवी तर कोपऱ्यात येते."

"आणि हा फोटो खोटा आहे असं नंतर कुणी म्हटलं तर?"

दुकानदाराने चष्मा वर सरकवला. "मूळ फाइलला हात लावायचा नाही. कधी काढला, कशावर काढला, सगळं तिच्यात असतं. वकिलीबिकिली शिकतेस की काय गं?"

बापाने तो कॅमेरा मागे सारला. "हा नको," तो घाईने म्हणाला. "तो लांब लेन्सचाच द्या. पैशाचं काही नाही."

"कमाल आहे! पोरगी स्वस्तातला मागतेय आणि बाप म्हणतो महागातला द्या. असं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं."

"बाबा," मुलगी म्हणाली. आवाज अगदी गोड होता. "तुम्हीच म्हणालात ना, तुला हवा तो घे?"

परक्या माणसासमोर काय बोलणार? त्याने पैसे मोजले.

दुकानदाराने बॅटरी घातली, कार्ड बसवलं आणि कॅमेरा मुलीच्या हातात दिला. "हं, साहेब, इथे उभे राहा. आता पैसे गेलेच आहेत, तर हसा जरा."

तो उभा राहिला. त्याने हसू आणलं. मुलगी एक पाऊल पुढे आली, आणखी एक आली. तो वाट पाहत राहिला, पण आवाज झालाच नाही. फोटो कधी निघाला ते त्याला कळलंही नाही.

काउंटरवरच्या छोट्या यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. दुकानदाराने तो दिव्याखाली धरला. "अगं, चेहरा कुठाय ह्यांचा?"

फोटोत नुसता हात होता, खिशावर घट्ट दाबलेला. बोटांच्या मधून किल्लीचं टोक बाहेर आलं होतं. किल्लीचे दाते वापरून वापरून चकचकीत झालेले. कोपऱ्यात आजची तारीख.

"काय नेमकं टिपलंय! कसली किल्ली हो ही?"

"कपाटाची," बाप म्हणाला.

"त्याच्या खोलीची," मुलगी म्हणाली.

"मांजराच्या?" दुकानदाराला हसू आवरेना. "अहो, मांजराला कुणी कुलूप लावतं का?"

दुकानदाराने मुलीकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग बापाच्या खिशाकडे. त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"तो फोटो इकडे द्या," बापाने हात पुढे केला.

दुकानदाराने दिला नाही. ड्रॉवरमधून टाचणी काढली आणि भिंतीवरच्या सगळ्या चेहऱ्यांच्या मधोमध फोटोतली ती किल्ली टाचून ठेवली.