झाडून ठेवलेला कारखाना

सकाळचे ऊन पत्र्याच्या फटीतून यंत्रमागाच्या कारखान्यात उतरायला बराच वेळ घेत असे. आधी ते वरच्या लोखंडी तुळईवर रेंगाळे, मग भिंतीवरच्या मीटरची काच उजळी, आणि शेवटी पहिल्या लूमच्या फणीवर येऊन दातादातांतून सांडे. आज त्या उन्हाची तिरीप अगदी निर्मळ होती. तिच्यात काहीच तरंगत नव्हते. फरहानला ती सुंदर वाटली. पहाटेपासून खपून त्याने सारा कारखाना झाडला होता. अब्बांच्या वेळचे आठही लूम पुसून त्यांना तेल दिले होते.

गृहकर्जाच्या तपासणीला आलेली रीमा दारातच थांबली. दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी केलेल्या अर्जात फरहानने उत्पन्न म्हणून हाच कारखाना लिहिला होता. त्याची बायको जोहा, कामावर निघालेली, खांद्याला बॅग लावून भिंतीशी उभी होती.

"लूम चालू आहेत?" रीमाने विचारले.

"चालूच आहेत, मॅडम. आज जरा बंद ठेवले. तुम्ही येणार, मग त्या आवाजात बोलणार कसं?"

रीमाने लूमच्या खालून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले, मग तिरिपेकडे.

"माझे बाबा पंचवीस वर्षं लूमवर होते. घरी यायचे ते भुवयांवर कापूस घेऊन. आई म्हणायची, आला माझा म्हातारा." तिने पुन्हा तिरिपेकडे पाहिले. "चालत्या कारखान्यात कितीही झाडू मारा, दादा, उन्हात कापूस उडतोच."

शेजारच्या कारखान्याचा खडखडाट भिंतीतून ऐकू येत होता. फरहान त्याच्याकडे कान लावून उभा राहिला.

"मंदी आहे," तो अखेर म्हणाला. "ईदनंतर चालू करू."

"कुठल्या ईदनंतर?" जोहा हळूच म्हणाली. "एक तर होऊन गेली."

रीमाने फाइल उघडली. "कारखाना केवढा आहे, ते आमची कंपनी बघत नाही. पुढची वीस वर्षं हप्ता कुठून येणार, तेवढं बघते. ठरलेल्या तारखेला घरात कुणाचा पगार येतो?"

जोहाने बॅगेतून पाकीट काढले. गोदामातल्या तिच्या नोकरीच्या पगाराच्या पावत्या, बँकेचे शिक्का मारलेले कागद, सारे महिन्यांप्रमाणे लावलेले.

"पंधरा दिवस झाले, बॅगेत घेऊन फिरतेय," ती फरहानला म्हणाली. "तुम्ही विचारलंच नाही."

रीमाने एकेक कागद उन्हात धरून वाचला. "चार वर्षं एकाच ठिकाणी. दुसरं कर्ज नाही. ह्याच्यावर फाइल उभी राहील. मुख्य अर्जदार ह्या, तुम्ही सहअर्जदार." तिने नवा फॉर्म पुढे केला. "फक्त व्यवसायाची सध्याची स्थिती लिहा. ती तुमच्या अक्षरात हवी, आणि खरी हवी."

बाहेर गोदामाच्या गाडीचा हॉर्न वाजला. जोहा जागची हलली नाही.

फरहानने फॉर्म लूमवर ठेवला. तेलाचा एक डाग कागदाच्या कोपऱ्यात उमटला. त्याने तो पुसला नाही. ऊन आता नेमके रिकाम्या रकान्यावर आले होते.

त्याने लिहिले : कारखाना आठ महिन्यांपासून बंद आहे.