गुरुवारची कॅसेट

तंजावूरच्या विद्यापीठात समुपदेशन शिकणारी मुलं दोन रुपयांत लोकांचं दुःख ऐकून घेत. बोलणं कॅसेटवर टेप होई, ते ऐकून सर चुका दाखवत, आणि मग त्याच कॅसेटवर पुढच्या माणसाचं बोलणं टेप होई.

बायको सुंदरीबाई वारल्यावर वेंकोबाराव पापनाशमहून या मुलांपैकी भुवनाकडे येऊ लागले. पहिल्या गुरुवारी पाऊण तास ते नुसते भिंतीकडे बघत बसले. भुवनाही गप्प राहिली. अशा वेळी घाई करायची नाही, असं सरांनी शिकवलं होतं.

दुसऱ्या गुरुवारी, मशीन सुरू करण्याआधीच, ते आपणहून बोलले.

"पोरी, सुंदरी आजारपणात तुझ्याकडेच येत होती ना? तिचंही टेप केलं असशील. काय बोलली ते नको सांगू. नुसता आवाज ऐकव. घरी फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज आठवेना झालाय."

"बघते, मामा," म्हणत भुवनाने मशीनमधली गेल्या गुरुवारची कॅसेट काढली. लेबलावर वेंकोबारावांचं नाव होतं. त्याच्या वर, तिच्याच अक्षरात, खोडलेलं सुंदरीबाईंचं.

कुठेतरी चार शब्द उरले असतील, या आशेने तिने ती मागे फिरवून लावली. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. तिचा हात बटणाकडे गेला.

"थांब, बंद करू नकोस," वेंकोबाराव कान मशीनपाशी नेत म्हणाले. "बोलायच्या आधी ती अशीच गप्प बसायची."