अनवाणी प्रदक्षिणा

रोजच्याप्रमाणे आई सकाळी बाबांच्या पायाची पट्टी बदलत होती. मधुमेहामुळे चिघळलेली जखम आता काळवंडली होती. "डॉक्टरांनी आजच बोलावलंय," ती म्हणाली.

"दुपारी शाळेची खो-खोची फायनल आहे," बाबा म्हणाले. "मी अनवाणी मैदानाला प्रदक्षिणा घालून नारळ फोडल्याशिवाय आपल्या पोरी जिंकतात का?"

"गेल्या वर्षी फोडूनही हरल्याच की!"

"तो नारळ कुजका निघाला होता."

आईने कपाळावर हात मारला. उंबऱ्याशी बुटांच्या नाड्या बांधणाऱ्या कर्णधार लेकीने बूट काढून ठेवले, बाबांच्या पिशवीतला नारळ उचलला आणि ती बाहेर पडली.

थोड्या वेळाने ती रिक्षा घेऊन परतली. तिचे तळपाय मातीने माखले होते. तिने बाबांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"प्रदक्षिणा झाली. नारळ चांगला निघालाय. चला."

बाबा खोबरं चघळत रिक्षात बसले.